मार्जारप्रजनन, अभिजात

मांजरांच्या एखाद्या जातीची शारीरिक व स्वभावविषयक लक्षणे पुढील पिढ्यांत कायम राहावीत या हेतूने, ज्यांची वंशावळ ज्ञात व नोंदलेली आहे अशा नर-मादींचा निवडक संयोग घडवून पिले निपजविणे, याला अभिजात मार्जारप्रजनन म्हणतात. मराठीत मांजराच्या नराला बोका व मादीला भाटी अशी नावे आहेत. घोडा, गाय, मेंढी व कुत्रा यांची निवडक पैदास माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. मांजरांच्या बाबतीत मात्र ही प्रथा जेमतेम दीडशे वर्षांची आहे. या अल्प कालावधीत अनेक जाती निर्माण झाल्या, त्यांच्या नोंदणीसाठी आंतरराष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या आणि त्याबरोबरच भाटीला प्रथम कोणत्या वयात फळवावे, किती अंतराने फळवावे व कोणत्या वयानंतर विश्रांती द्यावी, हे प्रश्नही पुढे आले. निसर्गतः भाटी फार लवकर प्रजननक्षम होते. परंतु त्या वेळी तिच्या शरीराची वाढ पूर्ण झालेली नसते आणि तिच्यातील आनुवंशिक दोषही उघड झालेले नसतात. योग्य वयाचा विचार मुख्यत्वे या दोन गोष्टींतून विकसित झाला.

पूर्वपीठिका : पाळीव मांजर (फेलिस कॅटस) हे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजरापासून (फेलिस लिबिका) आले, हे जगभरातील मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासाने स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सु. ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले. धान्याच्या कोठारांतील उंदरांमुळे मांजर मानवी वस्तीकडे आले व तेथेच राहिले. उंदीर मारण्याचे काम ते उपजत करीत असल्याने त्यासाठी त्याची मुद्दाम पैदास करण्याची गरज पडली नाही. शिवाय रात्री मुक्त फिरणाऱ्या भाटीचा जोडीदार ठरविणे माणसाच्या हाती नव्हते. त्यामुळे जातींमधील भेद दीर्घकाळ केवळ प्रदेशपरत्वे पडलेले होते.

लांब केसांच्या मांजरांविषयी यूरोपात सतराव्या शतकात कुतूहल निर्माण झाले. इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले (१५८६–१६५२) याने इराणच्या खोरासान प्रांतातील रेशमी केसांच्या करड्या मांजरांचे वर्णन केले असून पोर्तुगीजांनी ती इराणातून हिंदुस्थानात नेल्याचाही उल्लेख केला आहे. त्याने स्वतः अशी काही जोडपी इटलीला नेण्याचे ठरविले होते. परदेशी मांजर ही श्रीमंत घरातील शोभेची वस्तू ठरण्यास येथून सुरुवात झाली. तथापि त्यांच्या वंशाची लेखी नोंद ठेवण्याची पद्धत त्या काळी नव्हती.

प्रदर्शने व वंशावळ नोंदणी : लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १३ जुलै १८७१ रोजी भरलेल्या मांजरांच्या प्रदर्शनापासून अभिजात मार्जारप्रजननाचा आधुनिक इतिहास सुरू झाला, असे मानतात. त्याचे संयोजक हॅरिसन विअर (१८२४–१९०६) हे प्राणिचित्रकार होते. उपेक्षित व अनेकदा छळल्या जाणाऱ्या मांजराकडे लोकांनी आपुलकीने पाहावे, हा त्यांचा हेतू होता. निरनिराळ्या जातींची गुणलक्षणे व त्यांना द्यावयाचे गुण यांची मानके त्यांनी तयार केली. त्यांचा अवर कॅट्स हा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८७ मध्ये इंग्लंडमध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन होऊन विअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. काही वर्षांतच मात्र त्यांनी हे पद सोडले. मांजराच्या हितापेक्षा बक्षिसे जिंकण्यातच अनेक सभासदांना अधिक रस आहे, असे त्यांचे मत झाले होते. अभिजात प्रजननाच्या पुढील सर्व इतिहासात हा संघर्ष पुनःपुन्हा दिसतो.

प्रदर्शनांमुळे मांजराला बाजारमूल्य आले व वंशावळीची लेखी नोंद आवश्यक झाली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९५ मध्ये मोठे प्रदर्शन भरले. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन ही संस्था तेथे १९०६ मध्ये स्थापन झाली. इंग्लंडमध्ये परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या क्लबांनी एकत्र येऊन १९१० मध्ये गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी ही मध्यवर्ती संस्था निर्माण केली. यूरोप खंडात १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्जार महासंघ (संक्षेपाने फीफे), तर अमेरिकेत १९७९ मध्ये द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन या संस्था उदयास आल्या. पिलाचे नाव, जन्मदिनांक, रंग, आईबाप व पैदासकार यांची नोंद त्यांच्या वह्यांत होऊ लागली. जन्मदिनांकाची नोंद सुरुवातीला वंश सिद्ध करण्यासाठी असली, तरी भाटी कोणत्या वयात व्याली, तिची किती वेते झाली व दोन वेतांत किती अंतर होते, हे तीवरूनच प्रथम पडताळून पाहता आले. वयोमर्यादेचे नियम पुढे करता आले, ते या नोंदींच्या आधारावर.

अल्प संख्येवर उभारलेल्या जाती : अनेक जातींचा आरंभ मोजक्याच प्राण्यांपासून झालेला आहे. बँकॉकमधील ब्रिटिश अधिकारी ओवेन गूल्ड यांनी १८८४ मध्ये फो व मिआ हे सयामी जोडपे इंग्लंडमधील आपल्या बहिणीकडे पाठविले. त्यांची तीन पिले १८८५ च्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात गाजली. परंतु प्रदर्शनानंतर थोड्याच काळात ती मरण पावली. परदेशातून आणलेल्या थोड्या मांजरांवर जात टिकवून धरण्याचे काम किती नाजूक असते, हे यावरून दिसून येते.

बर्मीज जातीचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. जोसेफ टॉमसन यांनी वाँग माऊ ही तपकिरी भाटी १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे नेली. तिच्या जातीचा बोका उपलब्ध नसल्याने तिचा ताई माऊ या सयामी बोक्याशी संयोग घडविण्यात आला. तिच्या पिलांच्या व नातवंडांच्या रंगांचा अभ्यास करून ती स्वतःच सयामी व बर्मीज यांचा संकर असल्याचे निष्पन्न झाले. हे संशोधन १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने १९३६ मध्ये या जातीला मान्यता दिली होती. परंतु सयामी मांजरांशी होत राहिलेल्या संकरामुळे १९४७ मध्ये तिची नोंदणी स्थगित केली व ती १९५० नंतरच्या दशकात पुन्हा सुरू केली. शुद्धतेच्या या आग्रहाची दुसरी बाजू नंतर उघड झाली. जगातील मांजरांच्या जातींच्या २००८ मधील आनुवंशिक तुलनेत बर्मीज व सिंगापुरा या जातींत विविधता सर्वांत कमी आढळली. अमेरिकेतील बर्मीज मांजरांत आखूड व गोल चेहऱ्याची निवड केल्यानंतर डोके व चेहरा यांच्या घातक विकृती असलेली पिले जन्मू लागली. पर्शियन जात तिच्या नावाप्रमाणे इराणी नसून आनुवंशिक दृष्ट्या पश्चिम यूरोपातील मांजरांना जवळची आहे, हेही याच अभ्यासातून दिसले.

जात लहान असली की प्रत्येक प्रजननक्षम भाटीवर अधिक पिलांची अपेक्षा लादली जाते. तिला लवकर फळविणे, वेतांमधील अंतर कमी ठेवणे आणि एकाच विजेत्या बोक्याचा वारंवार उपयोग करणे, हे या परिस्थितीतील नेहमीचे मोह होत. एकाच बोक्याची संतती पसरली म्हणजे त्याच्यातील दडलेला दोष थोड्या पिढ्यांत सर्व जातीत पसरतो.

प्रजननाची शरीरक्रिया : भाटी साधारणतः सहा ते नऊ महिन्यांची असताना प्रथम माजावर येते, मात्र ही मर्यादा चार ते बारा महिने व क्वचित त्याहूनही अधिक असते. सयामी व बर्मीज भाट्या चार-पाच महिन्यांतही माजावर येतात, तर पर्शियन भाट्या पुष्कळदा वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर येतात. वयाइतकेच वजनालाही महत्त्व आहे. बहुतेक भाट्या सु. २·३ ते २·५ किग्रॅ. वजनाच्या झाल्यावर माजावर येतात. बोका आठ ते बारा महिन्यांत प्रजननक्षम होतो.

भाटीचे ऋतुचक्र दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. रोज सु. बारा ते चौदा तास प्रकाश मिळू लागला की तिला माज येतो. त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशांत हिवाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत तिचा प्रजननकाळ असतो. पुरेसे वजन शरद ऋतूच्या अखेरीस गाठलेली भाटी पुढील वर्षीचे दिवस मोठे होईपर्यंत माजावर येत नाही, म्हणून पहिल्या माजाचे वय तिच्या जन्माच्या ऋतूनुसारही बदलते. कृत्रिम प्रकाशात ठेवलेल्या भाट्या वर्षभर माजावर येऊ शकतात. पैदासकाराच्या दृष्टीने ही सोय असली, तरी भाटीला निसर्गतः मिळणारी विश्रांती त्यामुळे नाहीशी होते.

भाटीमध्ये अंडमोचन सामान्यतः समागमाच्या उद्दीपनाने होते. ससा व फेरेट यांतही अशीच व्यवस्था आढळते. भाटीमधील अंडमोचनाचे वर्णन लाँग्ली यांनी १९११ मध्ये केले, तर ग्रॉयलिख यांनी १९३४ मध्ये कृत्रिम उद्दीपनाने अंडमोचन घडवून दाखविले. समागमानंतर पोष ग्रंथीतून विशिष्ट हॉर्मोन स्रवते व एक-दोन दिवसांत अंडी बाहेर पडतात. एका समागमाने पुरेसे हॉर्मोन स्रवतेच असे नाही व अनेक समागमांनंतर ते निश्चितपणे वाढते, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. काही भाट्यांत समागमाशिवायही अंडमोचन होते, हे नंतरच्या संशोधनात आढळले. समागम न झालेली भाटी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा माजावर येते. अंडमोचन होऊनही गर्भ न राहिल्यास सु. चाळीस दिवसांची आभासी गर्भावस्था येते. इंग्लंडमधील अभिजात मांजरांच्या २००६ मधील पाहणीत सरासरी गर्भावधी ६५·१ दिवस व एका वेतातील पिलांची सरासरी संख्या ४·६ आढळली.

योग्य वयाचा विचार : पहिल्या माजालाच फळविलेल्या कोवळ्या भाटीला स्वतःच्या वाढीसाठी लागणारे कॅल्शियम व प्रथिने गर्भातील पिलांना पुरवावी लागतात. तिची श्रोणी अरुंद असल्यास प्रसूती अडण्याचा संभव असतो. दूध कमी येणे, पिलांची हयगय करणे हेही घडते. म्हणून भाटीची वाढ पुरी झाल्यावर, साधारणतः एक ते दीड वर्षाच्या वयात, तिला प्रथम फळवावे, असा पशुवैद्य व जाणत्या पैदासकारांचा सर्वसाधारण सल्ला आहे. मेन कून यासारख्या मोठ्या जातींची वाढ तीन-चार वर्षे चालू राहते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अधिक थांबणे इष्ट समजतात.

फार थांबणेही निर्धोक नाही. गर्भ न राहता वारंवार येणाऱ्या माजामुळे गर्भाशयाच्या अंतःस्तरावर हॉर्मोनांचा परिणाम होत राहतो, त्यात कोष्ठ निर्माण होतात व जंतुसंसर्ग होऊन गर्भाशयात पू साठतो. हा विकार प्राणघातक ठरू शकतो. पाळीव प्राण्यांच्या विम्याच्या स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या २०१४ मधील अभ्यासात सात वर्षे वयानंतर त्याचे प्रमाण बरेच वाढलेले व जातीपरत्वे भिन्न आढळले. सहा-सात वर्षांनंतर वेतातील पिलांची संख्याही घटते. त्यामुळे दीड ते सहा वर्षे हा भाटीचा उत्तम प्रजननकाळ मानला जातो. त्या काळातही प्रत्येक वेतानंतर तिचे वजन भरून येईपर्यंत तिला विश्रांती देणे आवश्यक असते.

वयाबरोबरच जोडीदाराची निवडही महत्त्वाची आहे. मांजरांत अ, ब व अब असे रक्तगट आहेत. ब गटाच्या भाटीचा अ गटाच्या बोक्याशी संयोग झाल्यास अ गटाच्या पिलांच्या तांबड्या कोशिका आईच्या चिकातील प्रतिपिंडांमुळे नाश पावतात व निरोगी जन्मलेली पिले एक-दोन दिवसांत मरतात. डेव्हन रेक्स व ब्रिटिश शॉर्टहेअर या जातींत ब गटाचे प्रमाण जास्त असल्याने फळविण्यापूर्वी रक्तगट तपासणे श्रेयस्कर ठरते. पूर्वी अशा मृत्यूंचा दोष भाटीच्या अननुभवाला किंवा कोवळ्या वयाला दिला जाण्याचा संभव असे. खरे कारण कळल्यावर ते टाळता येऊ लागले.

आनुवंशिक रोग व वय : योग्य वयाची कल्पना बदलण्यास आनुवंशिक रोगांविषयीचे ज्ञान कारणीभूत झाले. पर्शियन मांजरांतील मूत्रपिंडात द्रवाने भरलेले कोष्ठ होण्याचा रोग प्रभावी जनुकाने येतो. काही देशांतील पाहण्यांत एक-तृतीयांशाहून अधिक पर्शियन मांजरांत तो आढळला. त्याची लक्षणे बहुधा प्रौढ वयात, म्हणजे त्या मांजराची अनेक वेते होऊन गेल्यावर दिसतात. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने केलेली तपासणी दहा महिन्यांच्या वयानंतरच भरवशाची ठरते. २००४ मध्ये या रोगाचे उत्परिवर्तन ओळखले गेले व पिलाच्या जनुकीय चाचणीवरून आधीच निर्णय घेणे शक्य झाले.

हृदयाच्या स्नायूच्या अतिवृद्धीचा विकार इतक्या सहज टाळता येत नाही. मेन कून जातीतील त्याचे एक उत्परिवर्तन २००५ मध्ये व रॅगडॉल जातीतील दुसरे २००७ मध्ये सापडले. परंतु या उत्परिवर्तनांशिवायही तो विकार होतो आणि तो काही वर्षांच्या वयापर्यंत अव्यक्त राहू शकतो. एक वर्षाच्या, तपासणीत निर्दोष ठरलेल्या बोक्यापासून शेकडो पिले झाली व चार वर्षांनी त्याला विकार झाल्याचे कळले, तर ती पिले परत घेता येत नाहीत. म्हणून प्रजननातील मांजरांच्या हृदयाची तपासणी ठराविक काळाने पुनःपुन्हा करतात व तरुण बोक्याचा उपयोग मर्यादित ठेवून प्रौढ, निरोगी राहिलेल्या मांजरांना पसंती देतात. दीर्घायुषी आजी-आजोबा हा वंशावळीतील मोलाचा गुण समजला जाऊ लागला आहे.

काही जातींत जातीचे लक्षण हाच रोग असतो व कोणतेही वय योग्य ठरत नाही. स्कॉटलंडमधील कूपर अँगस येथील एका शेतावर १९६१ मध्ये दुमडलेल्या कानांची सूझी ही भाटी आढळली. स्कॉटिश फोल्ड जात तिच्यापासून निर्माण झाली. कान दुमडणारे हेच उत्परिवर्तन सर्व शरीरातील कूर्चा व अस्थी यांत विकृती निर्माण करते. ब्रिटिश संस्थेने १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी या जातीची नोंदणी थांबविली. अमेरिकेत मात्र १९७८ मध्ये तिला विजेतेपदाच्या स्पर्धेत स्थान मिळाले. कारणीभूत जनुकाचा शोध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आखूड शेपटीच्या वा बिनशेपटीच्या मँक्स जातीत संबंधित जनुकाच्या दोन प्रती असलेले गर्भ गर्भाशयातच नष्ट होतात.

नियम व कायदे : नोंदणी संस्थांनी वेतांची संख्या व पिलांचे वय यांवर मर्यादा घातल्या आहेत. फीफेच्या नियमांनुसार भाटीची चोवीस महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेते होऊ देत नाहीत. ब्रिटिश कौन्सिलच्या मते पिले तेरा आठवड्यांची होण्यापूर्वी आईपासून दूर करू नयेत. प्रजननास न निवडलेल्या पिलांची वेगळी नोंद ठेवण्याची पद्धत आहे. अशा पिलांना वयात येण्यापूर्वीच वंध्य करावे, या मताला अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने १९९३ मध्ये लवकर वंध्यीकरणास पाठिंबा देऊन बळ दिले. पाच महिन्यांच्या आत ही शस्त्रक्रिया करण्याची शिफारस २०१७ मध्ये तिने मान्य केली. संस्थांचे नियम केवळ त्यांच्या सभासदांनाच लागू होतात, ही त्यांची मोठी उणीव होय. त्यामुळे काही देशांनी कायदे केले. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालील कुत्र्यामांजरांची पिले मध्यस्थांमार्फत विकण्यास एप्रिल २०२० पासून बंदी आहे. नेदरलँड्समध्ये दुमडलेल्या कानांच्या मांजरांच्या पैदाशीस मनाई करण्यात आली आहे.

भारत : भारतातील बहुसंख्य मांजरे कोणत्याही नोंदलेल्या जातीची नाहीत. शहरांत मात्र पर्शियन मांजरे पाळण्याचा प्रघात वाढला असून त्यांची पैदास घरगुती स्वरूपातही केली जाते. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान दिवस सु. अकरा तासांचा व सर्वांत मोठा सु. सव्वातेरा तासांचा असतो. यूरोपच्या मानाने हा फरक थोडा असल्याने व घरात रात्रीही दिवे असल्याने भाट्यांना दीर्घ ऋतुविश्रांती मिळेलच असे नाही. वेतांमधील अंतर मालकालाच ठेवावे लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मांजरांनाही लागू आहे. या कायद्याखाली २०१७ मध्ये प्रजनन व विक्री यांविषयी केलेले नियम केवळ कुत्र्यांपुरते आहेत, तर २०१८ चे नियम पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधी आहेत. घरात पैदास केलेल्या भाटीचे वय, तिची वेते व तिचे आरोग्य यांची काळजी त्यामुळे मुख्यत्वे मालकाच्या जाणिवेवर व पशुवैद्याच्या सल्ल्यावर अवलंबून राहते. वंशावळीचा कागद मांजराचे कूळ सांगतो. पण त्यावरील जन्मदिनांक वाचून भाटीला वेळ देणे, हे ज्याच्या घरी ती वाढते त्याचेच काम आहे.